मोरड जागेच्या मातीचा पीएच ५.१ आला, चुना किती घालायचा? तांबड्या मातीला आणि काळ्या मातीला एकच तक्ता चालतो का?

कुळागरी_सावईवेरे

मंडळी, इथे माती कळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो. आमच्या कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) वरच्या अंगाला थोडी मोरड, म्हणजे उंचावरची कोरडवाहू जमीन आहे, साधारण २००० चौरस मीटर. जुने काजू म्हातारे झाले म्हणून काढले, आता तिथे अळसांदे (चवळी), थोडी मिरची, कडेने भेंडी असं करायचं मनात आहे. माती तपासून घेतली तर पीएच ५.१, सेंद्रिय कर्ब मध्यम, स्फुरद कमी, बोरॉन कमी.

व्हॉट्सॲपवर एक तक्ता फिरतोय, त्यात पीएच ५ च्या आसपास असेल तर हेक्टरी ४ टन चुना घाला म्हटलंय, म्हणजे माझ्या तुकड्याला ८०० किलो. दुकानदार म्हणतो उद्याच टेम्पो पाठवतो. पण माझं मन घेत नाही. तक्ता कुठल्या मातीसाठी केलाय ते त्यावर कुठेच नाही. माझा मेव्हणा बार्शीला असतो, त्याची काळी माती पावसात पायाला किलोकिलोने चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माझी तांबडी माती पाऊस थांबला की तासाभरात चालण्यासारखी होते. या दोन मात्यांना एकच हिशेब कसा लागेल?

सत्तरीकर

आमच्याकडे चुना कोणी विकत आणून घातलेला मी तरी पाहिला नाही. चुलीची राख पोफळींच्या आळ्यात, पाचोळा, शेणखत, बस. कुमेरी करायचे तेव्हासुद्धा झाडोरा जाळून त्या राखेवर नाचणी व्हायची, दोनेक वर्षं चांगली यायची मग जागा सोडून द्यायचे. ८०० किलो एकदम टाकू नकोस रे बाबा, घातलेलं परत काढता येत नाही.

माती_आणि_मी

सत्तरीकरांनी कुमेरीचं काढलं ते अगदी बरोबर जागी आलंय, त्याच्याकडे नंतर येतो.

कुळागरीभाऊ, तुमची शंका शंभर टक्के योग्य आहे. मी दापोलीला मृदशास्त्र शिकलो आणि आता पेडण्यात स्वतःची बागायत बघतो, तर जे मला पक्कं माहीत आहे ते लिहितो. लांब होईल.

पीएच हा आकडा फक्त मातीतल्या पाण्यात मोकळं आम्ल किती आहे ते सांगतो. ते किती थोडं असतं बघा. एक हेक्टर जमीन १५ सेंटीमीटर खोलीपर्यंत धरली तर माती साधारण २००० टन. त्यात २० टक्के ओल धरा, म्हणजे ४ लाख लिटर पाणी. पीएच ५ असेल तर त्या सगळ्या ४ लाख लिटर पाण्यातलं मोकळं आम्ल मारायला शुद्ध चुनखडीची पूड लागते फक्त २०० ग्रॅम. हो, ग्रॅम! अख्ख्या हेक्टरला. मग टनांनी चुना का सांगतात? कारण खरं आम्ल पाण्यात नसतंच, ते मातीच्या बारीक कणांना चिकटून बसलेलं असतं. पीएच म्हणजे कळशीतलं पाणी आणि हा साठा म्हणजे मागची विहीर, कळशी रिकामी केली की विहिरीतून परत भरते. ती विहीर केवढी मोठी हे पीएचवरून कळत नाही, ते ठरवते तुमच्या मातीतली चिकणमाती कुठल्या खनिजाची आहे आणि कुजलेला भाग किती आहे ते.

म्हणून एकच पीएच ५.१ असलेल्या दोन जमिनींना चुना आठपट कमीजास्त लागू शकतो. नुसत्या पीएचवरून डोस सांगणारा तक्ता म्हणूनच धोक्याचा.

केपेंची_शेतकरीण

सर जरा सोपं करून सांगा ना. चिकणमाती म्हणजे चिकणमाती, त्यात परत खनिजाचे प्रकार कसले? आणि आम्ल "चिकटून" बसतं म्हणजे नेमकं काय बसतं?

माती_आणि_मी

ताई, सांगतो.

चिकणमातीचा कण म्हणजे अतिपातळ पापुद्र्यांची चवड. पापुद्रे दोन जातींचे, एक सिलिकाचा आणि एक अ‍ॅल्युमिनाचा. आपल्या तांबड्या मातीत मुख्य खनिज केओलिनाइट, त्यात एक सिलिकाचा आणि एक अ‍ॅल्युमिनाचा पापुद्रा अशी जोडी असते आणि या जोड्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की मधे पाणी शिरत नाही. म्हणून आपली माती फुगत नाही, भेगाळत नाही. बार्शीच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातलं मॉन्टमोरिलोनाइट, तिथे दोन सिलिकाच्या पापुद्र्यांमधे एक अ‍ॅल्युमिनाचा, आणि अशा तिहेरी थरांमधली पकड ढिली, पाणी आत जातं, माती फुगते, वाळली की भेगा.

आता महत्त्वाचं. मॉन्टमोरिलोनाइट तयार होतानाच त्याच्या आतल्या काही अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसलेलं असतं, त्यामुळे कणावर कायमचा ऋण भार राहतो. पाऊस पडो, पीएच बदलो, तो भार जात नाही. या भारावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धरून ठेवले जातात. केओलिनाइटमधे अशी अदलाबदल जवळपास नाहीच, त्याला भार मिळतो तो फक्त कडांवर, आणि तोही पीएचप्रमाणे कमीजास्त होतो. आकड्यात सांगायचं तर १०० ग्रॅम शुद्ध खनिजामागे धरून ठेवायची ताकद केओलिनाइटची ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं एकक), मॉन्टमोरिलोनाइटची ८० ते १५०. कुजून मुरलेल्या ह्यूमसची तर २०० च्या आसपास किंवा वर. हा ह्यूमसचा आकडा लक्षात ठेवा, गोव्यात तोच आपल्याला तारतो.

आणि चिकटून बसतं काय, तर मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम. पाऊस कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेतो, त्यांच्या जागी हायड्रोजन येतो, पण तो फार काळ तसा राहत नाही, तो चिकणमातीच्याच कडा विरघळवतो, आतलं अ‍ॅल्युमिनियम सुटतं आणि तेच येऊन कणावर बसतं. मग हे अ‍ॅल्युमिनियम थोडंथोडं पाण्यात उतरलं की पाण्याचे रेणू फोडून आम्ल तयार करतं, एका अ‍ॅल्युमिनियममागे तीन हायड्रोजनपर्यंत. म्हणजे आपण "आंबट माती" म्हणतो ती खरं तर अ‍ॅल्युमिनियमने भरलेली माती असते आणि ते अ‍ॅल्युमिनियम बाहेरून आलेलं नसतं, त्या चिकणमातीचंच असतं.

पीएच ५.५ च्या खाली गेला की हे सुरू होतं, ५ च्या खाली झपाट्याने वाढतं. पिकात बघायचं असेल तर अळसांद्याचं वा मिरचीचं रोप हलक्या हाताने उपटून मूळ धुऊन बघा. अ‍ॅल्युमिनियमचा त्रास असेल तर मुळांची टोकं आखूड, जाड, तपकिरी आणि ठिसूळ दिसतात, बारीक तंतूमुळं जवळपास नसतात. झाड वरून नुसतं खुरटलेलं दिसतं आणि आपण खत वाढवत बसतो.

निवृत्त_मास्तर_म्हापसा

वाचून आनंद झाला. या विषयाचा इतिहासही सरळ रेषेत गेलेला नाही म्हणून दोन ओळी जोडतो. १९०४ च्या सुमारास अमेरिकेत वीच यांनी आम्ल मातीत मिठाचं द्रावण घातलं तर अ‍ॅल्युमिनियम बाहेर येतं हे दाखवलं होतं. पण नंतर लोक हायड्रोजनच्याच मागे लागले. १९२३ मध्ये ब्रॅडफील्ड यांनी आम्ल चिकणमाती ही एखाद्या सौम्य आम्लासारखी वागते असं मांडलं आणि ते बराच काळ चाललं. अ‍ॅल्युमिनियमचं महत्त्व १९५० च्या दशकात कोलमन वगैरे मंडळींनी पुन्हा पुढे आणलं, ताजी हायड्रोजन-चिकणमाती तीव्र आम्लासारखी वागते आणि ठेवून दिली की आपोआप अ‍ॅल्युमिनियम-चिकणमाती होते असं दिसून आलं. म्हणजे हातात आलेली गोष्ट जवळपास पन्नास वर्षं बाजूला पडली होती.

दुसरं, तांबड्या मातीच्या अभ्यासाची सुरुवातच आपल्या किनाऱ्यावरची. फ्रान्सिस बुकानन मलबारात फिरला आणि त्याने अंगाडीपुरमला बघितलेल्या या दगडाला लॅटेराइट म्हटलं, पुस्तक १८०७ चं. आपला चिरा तो हाच.

डिचोलीतला_बापू

पण सर एक कळेना. दख्खनचा काळा दगड सत्तरीच्या ईशान्य टोकाला पण आहे ना, आणि महाबळेश्वर-पन्हाळ्याला तर सगळा तोच, तरी तिथे माती तांबडी आणि खाली देशावर त्याच दगडाची माती काळी. मग खनिज दगडावर ठरतं की कशावर?

माती_आणि_मी

बापू, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

दगड एक, पाऊस वेगळा. देशावर ५००-७०० मिमी पाऊस, दगड झिजून जे सिलिका आणि मॅग्नेशियम सुटतं ते धुऊन जायला पुरेसं पाणीच नाही, ते तिथेच साठून राहतं आणि त्यातून स्मेक्टाइट घडतं, वर चुनखडीचे खडे पण राहतात, म्हणून तिथे पीएच ८ च्या पुढे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या पुढे पाऊस. तिथे सिलिका वाहून जातं, शिल्लक राहतं ते केओलिनाइट आणि लोखंड-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं. पाण्याने अजून धुतलं तर केओलिनाइटमधलं उरलंसुरलं सिलिकाही जातं आणि गिब्साइट राहतं, म्हणजे बॉक्साइटमधलं खनिज. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पडतो आणि तोही चार महिन्यांत, त्यामुळे खाली दगड शिस्ट असो, ग्रॅनाइट असो की बेसाल्ट, शेवटी वर तांबडी केओलिनाइटवालीच माती येते.

कधी चिऱ्याच्या खाणीच्या कडेला उभे राहून कापलेली भिंत वरून खाली बघा. सगळ्यात वर थोडी माती, मग कडक तांबडा चिरा, त्याखाली तांबडे-पिवळे-पांढरे डाग असलेला मऊ थर आणि त्याच्याही खाली पांढरट-गुलाबी, बोटाने दाबली तर पिठासारखी होणारी माती. ती पांढरी माती म्हणजे बरंचसं केओलिनाइटच. विहीर खणताना पण लागते. हातावर चोळून पाण्यात कालवून बघा, काळ्या मातीसारखी चिकटत नाही.

आणि या ऑक्साइडांचा एक वेगळाच खेळ आहे. गोएथाइट, गिब्साइट यांच्यावरचा भार पीएच ७-८ च्या खाली धन असतो. म्हणजे आपल्या आंबट मातीत काही कण ऋण आणि काही कण चक्क धन. धन कण कॅल्शियम-पोटॅशला जवळ करत नाहीत, पण फॉस्फेटला असे घट्ट धरतात की पिकाला ते मिळत नाही. कुळागरीभाऊंच्या रिपोर्टात स्फुरद कमी आहे त्याचं मुख्य कारण हेच असणार.

कुळागरी_सावईवेरे

आता डोक्यात प्रकाश पडतोय. मग माझ्या तुकड्याला किती? सरळ आकडा काढायची काही रीत आहे की नाही?

माती_आणि_मी

आहे. पण त्यासाठी विनिमयक्षम (कणांना चिकटलेल्या, पण द्रावणाने सुटणाऱ्या) अ‍ॅल्युमिनियमची तपासणी हवी आणि ती मृदा आरोग्य कार्डावर नसते. कार्डावर १२ गोष्टी असतात, पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. अ‍ॅल्युमिनियम नाही. मोठ्या प्रयोगशाळेत वेगळं सांगून करून घ्यावं लागतं, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने काढतात. जुने गोवे इथे आयसीएआरची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे आधी फोन करून विचारा, नाहीतर तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा कुठे होईल.

आकडा आला की हिशेब सोपा. १०० ग्रॅम मातीत १ मिलिइक्विव्हॅलंट अ‍ॅल्युमिनियम असेल तर १५ सेंमी थरासाठी हेक्टरी १ टन शुद्ध चुनखडी, म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम. १९७० मध्ये कॅम्प्राथ यांनी दाखवलं की धुपलेल्या उष्ण प्रदेशाच्या मातीत याच्या दीडपट घातलं की अ‍ॅल्युमिनियम बऱ्यापैकी बसतं, कारण थोडा चुना कडांवरचं इतर आम्ल खातं. म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम. तुमचे २००० चौरस मीटर, अ‍ॅल्युमिनियम १ आलं तर ३०० किलो. अर्धं आलं तर १५० किलो. आणि तक्ता सांगतोय ८००.

समजा एका मातीची एकूण धरण्याची ताकद ५ आहे आणि निम्मी अ‍ॅल्युमिनियमने भरलीय, तर अडीच. दुसरीची ४० आहे आणि तीही निम्मी भरलीय, तर वीस. पीएच दोघींचा साधारण सारखाच येईल, पण चुना आठपट. तक्ता जड मातीसाठी केलेला असेल तर तो तिथे बरोबरही असेल, तुमच्या मोरडीत तो नुकसान करेल. आपल्या मातीची पीएचमधला बदल थोपवायची ताकद कमी, जास्त चुना पडला की पीएच भसकन ६.५ च्या वर जातो आणि मग बोरॉन, जस्त, मँगनीज अडकतात. तुमचं बोरॉन आधीच कमी आहे. लक्ष्य ७ ठेवूच नका, ५.५ ते ५.८ आलं की अ‍ॅल्युमिनियमचा त्रास गेला, तेवढं पुरे.

नैसर्गिक_शेती_काणकोण

मला हे पटत नाही. चुना घातला की गांडुळं जातात, जमीन कडक होते. मी खोला मिरची करते, जीवामृत, पालापाचोळा, आच्छादन एवढ्यावर चांगली येते. आम्लता ही त्या जमिनीची प्रकृती आहे, तिला कशाला बदलायचं?

माती_आणि_मी

ताई, तुमच्या पद्धतीत जे सगळ्यात जास्त काम करतंय ते म्हणजे तो पालापाचोळा. कुजलेला सेंद्रिय भाग अ‍ॅल्युमिनियमला स्वतःत बांधून घेतो, मग ५.१ पीएच असूनही मुळांना त्रास कमी होतो. आणि वर सांगितलं तसं केओलिनाइटच्या मातीत अन्नद्रव्यं धरून ठेवण्याचं निम्म्याहून जास्त काम बऱ्याचदा ह्यूमसच करतो. म्हणून तुमच्या शेतात चुन्याशिवाय निभावतं आणि मोकळ्या मोरडीत निभावत नाही, दोन्ही खरं.

पण दोन गोष्टी. भाजलेला कळीचा चुना जिवंत असतो, तो गांडुळांना आणि मुळांना भाजतो हे बरोबर, त्यामुळे तो उभ्या पिकात वापरूच नये. चुनखडीची किंवा डोलोमाइटची नुसती दळलेली पूड तशी नाही, ती दगडाचं पीठ आहे. उलट ५ च्या खालच्या मातीत बहुतेक गांडुळं कमीच असतात, थोडी चुनखडी घातली तर वाढतात. दुसरं, दरवर्षी माल बाहेर जातो त्याबरोबर कॅल्शियम जातं, वर ३००० मिमी पाऊस नेतो. पाचोळा दुसरीकडून आणून घालत असाल तर ते भरून निघतं, त्याच शेताचा त्याच शेतात असेल तर पूर्ण नाही निघत.

नैसर्गिक_शेती_काणकोण

पाचोळा शेजारच्या रानातून येतो. हे मी या नजरेने बघितलं नव्हतं. बरं, अळसांद्याच्या बाबतीत मात्र मला पण अनुभव आहे, आंबट जागेत मुळांवर गाठी धरत नाहीत.

माती_आणि_मी

बरोबर. गाठी करणाऱ्या जिवाणूंना आम्ल आणि अ‍ॅल्युमिनियम सोसत नाही, शिवाय आंबट मातीत मॉलिब्डेनम अडकतं आणि नत्र बांधायला तेच लागतं. म्हणून कडधान्याला चुन्याचा फायदा सगळ्यात आधी दिसतो. काजू आणि अननस मात्र आंबट मातीत खुशाल वाढतात, त्यांच्यासाठी चुन्याचा खर्च करू नका.

सत्तरीकरांची कुमेरी आता. झाडांनी खोल मुळांनी वर आणलेलं कॅल्शियम-पोटॅश जाळल्यावर राखेत कार्बोनेट होऊन येतं, म्हणजे तो चुनाच झाला, पातळ. दोनेक वर्षांनी पीक का पडायचं, तर केओलिनाइटची पकड कमी, पावसाने ते धुऊन नेलं आणि अ‍ॅल्युमिनियम परत जागेवर. जुन्या लोकांनी जागा सोडण्याचा जो काळ ठरवला होता तो चिकणमातीच्या या स्वभावाशी जुळणारा आहे.

खाजनवाला_दिवाडी

आमचा प्रश्न वेगळाच आहे पण आम्लाचाच आहे म्हणून इथेच टाकतो. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) कोणी तळ्यासाठी खोल खणून काळा-निळसर चिखल काढला आणि बांधावर टाकला. पावसाळा संपला, उन्हात वाळला आणि आता त्यावर गवताची काडी पण येत नाही. वाळलेल्या ढेकळांवर फिकट पिवळे डाग आलेत. बाजूच्या चरातलं पाणी मात्र एकदम काचेसारखं स्वच्छ झालंय, खाजनातलं पाणी असं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मासे दिसत नाहीत. माती तपासली तर पीएच ३.६. चुना किती घालू?

माती_आणि_मी

दादा, थांबा. तुमचं दुखणं वेगळं आहे आणि वर दिलेला हिशेब तुम्हाला अजिबात लावू नका.

खाजनाच्या खोल चिखलात समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट आणि कुजणारा तिवरांचा पाला यांच्यातून पायराइट तयार झालेलं असतं, लोखंड आणि गंधकाचं खनिज. जोवर ते पाण्याखाली आहे तोवर निरुपद्रवी. वर काढून हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं, अगदी बॅटरीत असतं ते सल्फ्युरिक आम्ल. तुमचे फिकट पिवळे डाग बहुतेक जॅरोसाइटचे, ते पीएच ४ च्या खालीच तयार होतं.

आणि स्वच्छ पाण्याचं कारण चिकणमातीतच आहे. इतकं तीव्र आम्ल चिकणमातीच्या कणांना विरघळवतं, त्यातून भरपूर अ‍ॅल्युमिनियम पाण्यात येतं आणि ते गढूळपणाच्या कणांना एकत्र करून तळाला बसवतं. पाणी गढूळ असताना तुरटी फिरवली की निवळतं, तुरटीत पण अ‍ॅल्युमिनियमच. तेच अ‍ॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसतं. असं नितळ पाणी खाजनात दिसलं तर ते चांगलं लक्षण नाही, गुरांनाही पाजू नका.

इथे चुना घालत बसलात तर आत पायराइट शिल्लक असेपर्यंत नवीन आम्ल येतच राहणार, खर्च झेपणार नाही. पहिला उपाय म्हणजे जो चिखल अजून खाली आहे तो उघडा पाडू नका, पाण्याखालीच ठेवा. बांधावरचा पावसाळ्यात गोड्या पाण्याने धुतला जाऊ द्या पण ते पाणी एकदम भातात सोडू नका, ओहोटीला मानसातून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) बाहेर काढा. पुढच्या वर्षी परत तपासा आणि मग चुन्याचं बघू. तिसऱ्या-खुब्यांच्या शिंपल्या मिळत असतील तर कुटून बारीक करून बांधावर टाका, त्या कॅल्शियम कार्बोनेटच आहेत, फक्त अख्ख्या टाकल्या तर काम फार सावकाश होतं.

खाजनवाला_दिवाडी

देव बरें करूं. गुरांचं सांगितलंत ते फार बरं झालं, शेजाऱ्याची म्हैस त्याच चरावर जाते. आजच सांगतो त्याला. पण मग बाकीच्या खाजनात कोरगुट भात कसं काय येतं, ती माती पण तपासली तर आंबटच दाखवते.

माती_आणि_मी

तपासायला देता तेव्हा ती वाळवून देता म्हणून. शेतात पाणी भरून ठेवलं की हवा संपते, मातीतलं लोह ऑक्साइडमधून सुटून विद्राव्य होतं आणि त्या क्रियेत आम्ल खर्च होतं. दोनचार आठवड्यांत आंबट मातीचा पीएच ६.५ च्या जवळ जातो, अ‍ॅल्युमिनियम निपचित बसतं. सरद (पावसाळी) भाताला म्हणूनच चुना सहसा लागत नाही. तीच जमीन वाळली की पीएच परत खाली. भातानंतर खेर (खाजन आणि मोरड यांच्या मधल्या पातळीच्या) जमिनीत अळसांदे घेता तेव्हा मात्र ते कोरड्या मातीच्या पीएचमधे वाढतात, भात चांगलं आलं म्हणून अळसांदे येतील असं धरू नका.

डिचोलीतला_बापू

खतांचं राहिलं. युरियाने माती आंबट होते म्हणतात ते कितपत?

माती_आणि_मी

होते. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं. १०० किलो युरियाने जेवढं आम्ल येतं ते मारायला साधारण ८० किलो चुनखडी, अमोनियम सल्फेटला ११० किलो. काळ्या मातीत हे वर्षानुवर्षं कळतही नाही, तिच्यात मोकळी चुनखडी आणि मोठा भार आहे. आपल्या मातीत काही वर्षांत दिसतं. शिवाय पकड कमी म्हणून खत एकदम दिलं तर पहिल्या मोठ्या सरीला ओहोळात. थोडं थोडं, विभागून द्या. आणि स्फुरदासाठी आंबट मातीत रॉक फॉस्फेट बरं, ते आम्लातच विरघळतं, पण चुना घातलेल्या जागेत लगेच घालू नका, मग विरघळत नाही.

कुळागरी_सावईवेरे

दुकानदाराला टेम्पो नको म्हणून सांगितलं. आधी अ‍ॅल्युमिनियम तपासून घेतो. दोन गोष्टी अजून सांगा, नमुना कसा काढू आणि चुना कधी घालू? कुळागरातला पण नमुना देऊ का?

माती_आणि_मी

मोरडीचा आणि कुळागराचा नमुना वेगवेगळा, एकत्र करू नका. कुळागरात वर्षानुवर्षांचा पाला आहे, तिथे ह्यूमस जास्त म्हणून साठाही मोठा, हिशेब वेगळा येईल. मोरडीत नागमोडी चालत आठदहा जागी इंग्रजी व्हीसारखा खड्डा काढून कडेची माती घ्या, जुन्या काजूच्या बुंध्याची आणि जिथे फांद्या जाळल्या असतील ती जागा सोडून, राखेच्या जागेचा पीएच खोटा जास्त येतो. ० ते १५ सेंमी एक आणि १५ ते ३० सेंमी दुसरा असे दोन वेगळे द्या. खालच्या थरात अ‍ॅल्युमिनियम जास्त निघालं तर वरचा चुना तिथे पोचत नाही, तो जागचा फारसा हलत नाही. अशा वेळी थोडं जिप्सम देतात, ते पीएच फारसा वाढवत नाही पण विरघळून खाली उतरतं, कॅल्शियम पोचवतं आणि अ‍ॅल्युमिनियमचा जोर कमी करतं.

चुना घालायचा तो पेरणीआधी दोनतीन आठवडे आणि मातीत नीट मिसळून. मेच्या शेवटी वर पसरून ठेवाल तर पहिल्याच पावसात उताराने खाली शेजाऱ्याच्या कुळागरात जाईल. अळसांदे पावसाळ्यानंतर करणार असाल तर सप्टेंबरअखेर, जोर ओसरला आणि जमिनीत ओल आहे तेव्हा. पूड जितकी बारीक तितकी लवकर लागते, खडे असलेलं पोतं घेऊ नका. युरिया किंवा शेणखताबरोबर एकाच दिवशी नको, अमोनिया उडून जातो. विझवलेला चुना मिळाला तर १०० किलो चुनखडीऐवजी ७४ किलोच, कळीचा असेल तर ५६, आणि तो हातमोजे घालून. डोलोमाइट मिळालं तर आपल्याकडे तेच बरं, मॅग्नेशियम पण धुतलं गेलेलं असतं.

सत्तरीकर

आणि राख किती धरायची चुन्याच्या हिशेबात?

माती_आणि_मी

लाकूड कुठलं त्यावर आहे, पण चुनखडीच्या अर्ध्याच्या आत-बाहेर धरून चाला. कोरडी ठेवा, पावसात भिजली की पोटॅश निघून जातं. आणि मिरचीच्या रोपाच्या अगदी बुडाशी नको, हातभर लांब, मातीत मिसळून.